ओटिलिया नळीतला उन्हाळा सोडते

ओटिलिया सगळ्यात वर राहते, मी सगळ्यात खाली. मध्ये तीन बिऱ्हाडं, आणि या पाचही घरांतून जाणारी एकच लोखंडी नळी. ऑक्टोबरात गावाच्या भट्टीघरातून गरम पाणी सुटतं, ते आधी माझ्या खिडकीखालच्या रेडिएटरमध्ये, खोली तापवणाऱ्या लोखंडी पेटीत, शिरतं, मग एकेक मजला चढत ओटिलियाकडे पोचतं, तिथे वळतं आणि झोपायच्या खोल्यांमधून पुन्हा खाली येतं. तिच्याकडे काही बिघडलं की इथे माझे पाय गारठतात. अर्धं आयुष्य आम्ही दोघी अशा एकमेकींना बांधलेल्या आहोत. नवऱ्यांशीसुद्धा आमची इतकी घट्ट गाठ नव्हती.

पाणी सुटलं की नळीतली हवा वर जाऊन अडकते आणि पाण्याची वाट अडवते. ती हवा बाहेर सोडायची छोटी तोटी फक्त सगळ्यात वरच्या घरात असते. म्हणून दर वर्षी पहिल्या दिवशी सगळा जिना ओटिलियाच्या नावाने हाका मारतो. ती कथलाचा मग घेऊन स्टुलावर चढते, किल्ली अर्धा वेढा फिरवते आणि डोळे मिटते. तोटीतून सूं सूं आवाज येत राहतो. एवढ्या वेळात एखादी बाई चार भांडी घासून घेईल. ही मात्र देवळात उभी असल्यासारखी उभी असते.

"एवढं काय ऐकतेस गं?" मी एकदा विचारलं.

"हा उन्हाळा आहे, नाइल्या," ती डोळे न उघडता म्हणाली. "जूनपासून बिचारा नळीत अडकून पडला होता. बघ, रानातल्या दवण्याचा वास येतोय. टरबुजाचाही."

मी नाक पुढे केलं. "गंजाचा येतोय."

"चाळीस वर्षं कँटीनमध्ये रस्सा ढवळलास ना, तुझं नाक कामातून गेलंय."

मग शेवटी तोटीतून पाण्याची चिळकांडी उडायची, हातातला मग भरायचा, ती किल्ली बंद करायची, आणि थोड्या वेळाने खालून एकेक घर चमच्याने नळीवर ठोकून सांगायचं की आमच्याकडे पोचलं. ही आमच्या जिन्याची रीत. कुणी घालून दिली ते कुणालाच माहीत नाही.

ओटिलिया जन्मली ती आमच्या या गवताळ रानात, जमिनीत खणलेल्या एका खोपटात. तिच्या जर्मन वंशाच्या आईबापांना जर्मनीशी लढाई पेटली तेव्हा सरकारने मोठ्या नदीकाठच्या त्यांच्या गावातून उचलून मालगाडीत घातलं होतं आणि इथे आणून सोडलं होतं. ही गोष्ट ती फार थोड्या शब्दांत सांगते, आणि सांगताना खिडकीबाहेर बघते. मोठी झाल्यावर ती ट्रामवर तिकिटं फाडायला लागली. माझी तिची ओळख तिथलीच. थांब्यांची नावं पुकारायचं तिचं काम होतं, पण ही खिडकीतून बघत राहायची आणि मध्येच काहीतरी बोलायची: "पुढचा थांबा, गिरणी... अगंबाई, केवढा ढग." एकदा तिच्यामुळे माझा थांबा हुकला. कँटीनमध्ये दोनशे माणसांचं जेवण व्हायचं होतं. मी डोक्यात राख घालून तिच्यावर ओरडले. ती ओशाळली आणि म्हणाली, "बसा ना तुम्ही. आपण याच रस्त्याने परत येणार आहोत."

मी बसले. रस्सा त्या दिवशी उशिरा शिजला. आमची मैत्री मात्र झाली.

पुढे तिचा नवरा गेला, माझाही गेला. आमच्या जिन्यातली जर्मन घरं एकेक करून जर्मनीला निघून गेली. तिचा मुलगा आर्तुरही तिकडे गेला, तिथेच कामाला लागला, तिथेच त्याचं डोकं टकलं झालं. दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी म्हणतो, आई, ये. ती म्हणते, येईन. आणि मग फोन ठेवून खिडकीत जाऊन उभी राहते, जिथून आता ट्रामही दिसत नाही, कारण रूळ केव्हाच उखडून नेलेत.

"जायचं नाही तर तसं सांग ना त्याला," मी म्हणायचे.

"का नाही जायचं, ते सांगावं लागेल. आणि ते मला सांगता येत नाही."

पण गेल्या हिवाळ्यात तिला छातीचं दुखणं झालं. दवाखान्यात राहावं लागलं. आर्तुर विमानाने आला, दारातच रडला आणि तिच्याकडून शब्द घेतला: पुढच्या हिवाळ्यात जर हिचं घर गार राहिलं, तर काही एक न बोलता त्याच्याबरोबर जायचं. ओटिलियाने शब्द दिला. मला तेव्हाच घाम फुटला. ही बाई थांब्याचं नाव विसरेल, चुलीवरचं दूध विसरेल, पण दिलेला शब्द मोडणार नाही. असल्या माणसांची मला चीड येते.

आणि या ऑक्टोबरात ऊब आलीच नाही.

शेजारचा जिना गरम झाला. समोरची इमारत गरम झाली. तिथे लोकांनी खिडक्यासुद्धा उघडल्या. आमच्या खोल्या मात्र गार. स्वयंपाकघराची नळी वेगळी, ती तेवढी चालू होती. सगळा जिना वर ओरडायला लागला, "आपा, हवा सोडा! ओटिलिया-आपा, झोपलात का?"

ओटिलिया स्टुलावर चढली. मी मग धरून खाली उभी. तिने किल्ली फिरवली आणि डोळे मिटले. सूं नाही, सां नाही. सरळ पाणी आलं, तेही गार. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं की मला भीती वाटली.

"नाइल्या, उन्हाळा नाहीच आत."

"नाही म्हणजे?"

"हवा नाही. पाणी भरलेलं आहे, पण ते चालत नाही. उभं आहे."

भट्टीघराच्या कार्यालयातून मिस्त्री आला. त्याने नळीला दोन हातोडे हाणले, कान लावला, "हवा आहे," म्हणाला, माझ्याकडे चहा प्याला आणि गेला. पुन्हा बोलावलं तेव्हा पुन्हा तेच म्हणाला आणि या खेपेला बिस्किटंही खाल्ली.

थंडी वाढत गेली. ओटिलियाने खाट स्वयंपाकघरात हलवली. फ्रिज आणि टेबल यांच्यामध्ये ती लोकरीची टोपी घालून झोपायची आणि सकाळी मला स्वप्नं सांगायची. आज काय, तर तिचं सगळं घर ट्राम झालं होतं आणि बर्फावरून रुळांशिवाय चाललं होतं. आत आम्ही सगळे होतो, आणि मेलेलेही होते, आणि प्रत्येक जण तिला विचारत होता की माझा थांबा कधी येणार.

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, बसा. आपण याच रस्त्याने परत येणार आहोत." आणि ती हसली, आणि हसता हसता खोकली.

तो खोकला ऐकून माझा जीव अर्धा झाला. मला तिची काळजी होती, आणि मला माझीही काळजी होती. ती गेली तर मी या जिन्यात कुणाशी भांडू?

रविवारी आर्तुरचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. "आई, तू स्वयंपाकघरात का झोपलीयेस? आणि टोपी कशाला?" मी मागून खुणा करत होते, सांग, रंगकाम चाललंय म्हणून. पण हिला खोटं बोलता येत नाही. "खोलीत गार आहे रे," ती म्हणाली. त्याने लगेच फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने कळवलं की तिकिटं काढली, दोघांची.

तेव्हा कुठे ओटिलियाने ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. ती हातमोजे काढून माझ्याकडे आली आणि माझ्या नळीवर दोन्ही तळवे ठेवले. "कोमट." मग वरच्या मजल्यावर. "कोमट." माझे गुडघे जिना चढू देत नाहीत, मी खालूनच ऐकत होते. दुसऱ्या मजल्यावरही कोमट. मग ती तिसऱ्या मजल्यावर, तिच्या घराच्या बरोबर खाली, त्रोफिम युगायच्या घरात गेली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती जिन्यावरून हळूहळू खाली आली.

"काय?"

"हवाच असेल," ती म्हणाली आणि रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिचं खोटं असं दिसतं.

मी तिला घरात ओढलं, दार लावलं, दुधाचा चहा पुढे ठेवला. तेव्हा तिने सांगितलं.

त्रोफिम आमचा कोरियन शेजारी. खाणीवर मोठं यंत्र चालवायचा, बोलायचा कमी. त्याची बायको झोया बोलायची त्याच्या वाट्याचंही. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच झोया गेली, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. जाण्याच्या आठवडाभर आधी तिने या हिवाळ्याचा कोबी पिंपात मुरत घातला होता: त्यांचा तो तिखट, लसणाचा, पानापानात मिरची चोपडलेला. पूर्वी तो तळघरात ठेवायचे. तळघरात पाणी शिरायला लागलं म्हणून या उन्हाळ्यात झोयाने मागची छोटी खोली त्यासाठी गार ठेवायचं ठरवलं. तिथला जुना रेडिएटर काढून नवा पांढराशुभ्र बसवून घेतला, दोन बाजूंना दोन नळ असलेला. आता, प्रत्येक जुन्या रेडिएटरच्या शेजारी एक उघडी आखूड नळी असते, म्हणजे एकाने आपला रेडिएटर बंद केला तरी बाकीच्यांचं पाणी त्या वाटेने पुढे जातं. बसवणाऱ्याने ती कापून टाकली. दिसायला वाईट दिसते म्हणून. मग झोयाने स्वतःच्या हाताने दोन्ही नळ आडवे केले, आणि त्याबरोबर आमची सगळ्यांची वाट बंद झाली. तिला बिचारीला काय माहीत?

"तिने त्याला सांगून ठेवलंय," ओटिलिया म्हणाली. "नळाला हात लावू नकोस, कोबी मुरू दे. तो मला ते सांगत होता. त्या खोलीत खुर्ची टाकून बसतो, नाइल्या, कोट घालून. पिंपाशेजारी. सगळा जिना गारठलाय, हे त्याच्या गावीही नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, छान वास येतोय."

माझा संताप अनावर झाला. "अगं, एक शब्द बोलायचास ना! नळ उघड म्हणून!"

"काय बोलू? बायको गेली, आता तिचा कोबीही उबेने नासवून टाक?"

"फ्रिजमध्ये ठेवेल!"

"पिंप आहे ते. त्यात मी मावेन."

"बाल्कनीत!"

"डिसेंबरात दगड होईल आणि मार्चात लगदा."

"म्हणजे तू जर्मनीला जाणार? कोबीपायी?"

तिने चहात साखर ढवळली. साखर केव्हाच विरघळली होती. "तिथेही कोबी असतो म्हणे," ती म्हणाली.

मी ठरवलं, ही बोलणार नाही तर मी बोलते. दुसऱ्या दिवशी कठड्याला धरून, प्रत्येक पायरीला शिवी देत, मी त्रोफिमच्या दारात पोचले. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, एकेक मिरचीसारखं. त्याने दार उघडलं. अंगावर कोट, हातात चॉपस्टिक.

"बरं झालं आलात, नाइल्या-आपा," तो म्हणाला. "एकट्याने चाखायला मन होत नव्हतं. आज पहिल्यांदा काढलाय."

त्याने माझ्यापुढे भात ठेवला आणि वर त्या लाल कोबीचं एक अख्खं पान. मी खाल्लं. मी जन्मभर रांधलंय, मला कळतं. तो कोबी घालणाऱ्या बाईचा हात कुठे जड पडला, कुठे हलका, ते सगळं त्यात होतं. झोया मला दर वर्षी वाटीभर द्यायची आणि म्हणायची, "तुझ्या त्या फिकट रश्शाबरोबर खा, म्हणजे जिवंत असल्यासारखं वाटेल." माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तिखट लागलं?" त्रोफिमने विचारलं.

"भयंकर," मी म्हटलं.

लोक मूग गिळून बसतात, मी कोबी गिळून खाली आले. ओटिलिया जिन्यात वाट बघत उभी होती. तिने माझे डोळे बघितले आणि काही विचारलं नाही, हे तिचे उपकार.

आर्तुर येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे बांधाबांधीला गेले. त्या खोलीत श्वास दिसत होता. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी चढली होती आणि ओटिलिया ती बघत बसली होती, हातात नवऱ्याचा सदरा. सामान फार नव्हतं. एक बॅग, आणि एक मोठं गाठोडं, दोरीने आवळलेलं: तिच्या आईची पिसांची रजई, मालगाडीतून आलेली.

"ही कशाला? जर्मनीत रजया मिळत नाहीत?"

"आई ही घेऊन आली, मी हिच्यासकटच जायचं," ती म्हणाली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. त्रोफिम होता, हातात कोबीने भरलेली बरणी, तोंडाला तीन पदरी कापड बांधलेली. "वाटेत खायला," तो म्हणाला. मग तो त्या खोलीत आला आणि थबकला. चारी भिंतींकडे बघितलं, काचेकडे बघितलं.

"किती छान गार आहे इथे," तो म्हणाला. "झोयाला ही खोली आवडली असती."

मग तो जुन्या यंत्रवाल्याच्या सवयीने रेडिएटरपाशी गेला आणि वाकून तळवा ठेवला. वरून. खालून. मग नळीवर. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"हवा आहे," ओटिलिया घाईने म्हणाली आणि रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं.

मला ते टोक बघवेना. "हवा नाही!" मी ओरडले. "तुझा नळ आहे, त्रोफिम! छोट्या खोलीतला. तो बंद आहे म्हणून सगळा जिना बंद आहे, आणि घर गार आहे म्हणून ही जातेय, आणि ही तुला सांगणार नाही, मेली तरी सांगणार नाही, आणि मीही सांगणार नव्हते कारण तू मला जेवू घातलंस!"

ओटिलिया म्हणाली, "नाइल्या." एवढंच. इतक्या वर्षांत तिने माझं नाव असं कधी घेतलं नव्हतं.

त्रोफिम वाकलेला होता तसाच राहिला. मग सरळ झाला, बरणी टेबलावर ठेवली, टोपी चढवली आणि निघून गेला. आम्ही त्याच्या मागे गेलो. ओटिलिया पुढे, मी कठडा धरून. तो त्या छोट्या खोलीत नळासमोर गुडघ्यांवर बसला होता. हात नळावर होता, पण फिरवत नव्हता.

"हा तिने बंद केलाय," तो आमच्याकडे न बघता म्हणाला. "तिच्या हाताने. घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंना माझा हात लागून गेला. केटलीला, दिव्याच्या बटणाला. ही एकच राहिली होती."

ओटिलिया त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. बराच वेळ ती नळाकडे बघत होती, ट्रामच्या खिडकीतून बघायची तशी. मग म्हणाली, "त्रोफिम, उन्हाळ्यात झोयाने हा फिरवला, तेव्हा तिला वाटलं की एकच खोली गार होईल. तिला कळलं असतं ना, तर तिने मला वर येऊन शिव्या दिल्या असत्या. म्हणाली असती, मठ्ठ बाई, बोलली का नाहीस?"

त्रोफिम हसला. मग त्याचा चेहरा रडवेला झाला. मग त्याने नळ उघडला, आधी एक, मग दुसरा.

आधी भिंतीत कुठेतरी गुडगुड झालं. मग ती गुडगुड आमच्या डोक्यावरून वर गेली, तिच्या घराकडे. ओटिलिया उठली तीच धावत सुटली. मला वाटलं, तोटीकडे. पण ती परत आली ती गाठोडं ओढत. दोरी दातांनी सोडली. आईची ती रजई तिने त्या पांढऱ्या रेडिएटरभोवती गुंडाळली, एकदा, दोनदा, कोपरे आत खोचले, आणि बांधाबांधीच्या दोरीने करकचून बांधली, लहान पोराला थंडीत बाहेर नेताना बांधतात तशी. मग खिडकीची वरची छोटी झडप उघडली. बाहेरची धारदार हवा सरळ पिंपावर उतरली.

"पाणी जाईल, पण ऊब बाहेर येणार नाही," ती धापा टाकत म्हणाली. "एप्रिलपर्यंत कोबी इथेच राहील. मग ती कापलेली नळी जोडून घेऊ."

"आणि तुमची रजई?" त्रोफिमने विचारलं.

"मला कशाला? माझी खोली आता गरम होईल."

आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, कारण माझं तोंड वाकडंतिकडं व्हायला लागलं होतं आणि मला तसं दिसायला आवडत नाही.

वर जाऊन तिने किल्ली फिरवली. त्रोफिमच्या रिकाम्या राहिलेल्या नव्या रेडिएटरमधली हवा आता वर चढली होती. तोटी सूं सूं करत राहिली, करत राहिली, आणि ती डोळे मिटून उभी. मी मग धरला होता. या वेळी मीही डोळे मिटले. खरं सांगते, वास आला. लसणाचा होता, पण आला.

दुसऱ्या दिवशी आर्तुर आला. एवढा मोठा, टकला, जाड जाकिटातला माणूस; दारातच बोलायला सुरुवात केली, सगळं वाटेत पाठ करून आला होता. आई, शब्द दिलायस. आई, डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना? तो खोलीत आला आणि बोलता बोलता त्याने जाकीट काढलं. मग स्वेटर काढला. मग बोलणं थांबलं. काचेवरची नक्षी वितळून पाण्याचे ओघळ खाली येत होते. त्याने रेडिएटरला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"गरम आहे," तो म्हणाला, थोडा रागानेच.

"हो," ओटिलिया म्हणाली. "तू ठरव. शब्द गार घराचा होता. पण तुला मला न्यायचंच असेल, तर मी येईन."

मला तिचा गळा दाबावासा वाटला. जिंकलेली बाजी अशी हातातून देते कुणी? दोन्ही तिकिटं त्याने टेबलावर ठेवली होती. तो थकलेला होता, रात्रभर विमानात बसून आलेला. "जरा बसतो," म्हणाला. खुर्ची होती, खाट होती. तो खिडकीखाली जमिनीवर बसला, पाय पसरले, आणि पाठ रेडिएटरला टेकली. मध्ये आईची एक जुनी शाल घातली. डोकं मागे टेकवलं आणि बघता बघता झोपला.

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. ओटिलियाने मटण-बटाट्यावर वाफवलेल्या कणकेच्या गुंडाळ्या केल्या होत्या, त्याला लहानपणापासून आवडतात त्या. त्या गार होऊ नयेत म्हणून मी पातेलं दोनदा चढवलं आणि उतरवलं. तिने त्याला उठवलं नाही. दारात उभी राहून ती बघत होती. बाहेर बर्फ पडत होता, इतका संथ की घरच वर चाललंय असं वाटावं.

अंधार पडायला लागला तेव्हा तो जागा झाला. कुठे आहे ते त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तो तसाच बसून राहिला, पाठ न हलवता.

"आई," तो म्हणाला, "माझ्या घरी ऊब फरशीखालून येते. सगळीकडे सारखी. पाय गरम असतात." मग तो थांबला. "पण पाठ टेकायला कुठे काही नाही गं. किती वर्षं मला कळतच नव्हतं, काय नाहीये ते."

ओटिलियाने त्याच्या पाठीमागची शाल नीट केली.

"मग तूच येत जा," ती म्हणाली.

त्याने टेबलावरच्या तिकिटांकडे बघितलं, पण ती घ्यायला हात पुढे केला नाही. उठलाही नाही. ओटिलियाने ताट वाढलं आणि टेबलावर न ठेवता त्याच्यासमोर जमिनीवर नेऊन ठेवलं.